वजन घटलं, पण नेमकं काय घटलं?

सत्तरीतल्या माणसाचं वजन पाच-सहा किलोंनी उतरलं की घरातले खूश होतात. कपडे सैल झाले, चेहरा उतरला तरी "बरं झालं, गुडघ्यांवरचा भार गेला" असं म्हणतात. काट्याला मात्र एवढंच कळतं की सहा किलो गेले. त्यातली चरबी किती, पाणी किती आणि मांड्यांमधला स्नायू किती, हे त्याला सांगता येत नाही. तिशीत हा फरक फारसा महाग पडत नाही, कारण गेलेला स्नायू सहज भरून येतो. सत्तरीत तो भरून यायला महिनोन्‌महिने लागतात. मधेच पथ्य सुटून वजन पुन्हा वाढलं, तर परत येते ती मुख्यतः चरबी. अशी दोन-तीन आवर्तनं झाली की आकडा जुनाच, पण आतला माणूस वेगळा: पोट तेवढंच किंवा जास्त, आणि पाय काटकुळे.

म्हणून साठीनंतरच्या लठ्ठपणाविषयी बोलताना "वजन किती?" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. चरबी कुठे आहे, स्नायू किती उरलाय आणि तो काम करतोय का, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत. तिन्हींची बऱ्यापैकी उत्तरं घरात, पाचशे रुपयांच्या आत मिळतात.

बीएमआय कुठे फसवतो

वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे गणित सगळ्यांना पाठ झालंय. आपल्याकडे २३च्या पुढे जादा वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात. युरोपीय माणसांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. आपल्यासाठी पट्टी खाली का आणली, याचं सर्वांत बोलकं उदाहरण पुण्याचंच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच दोन फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचा, असा हा आपला भारतीय बांधा. त्यावर वय चढलं की हा बांधा आणखी ठळक होतो.

उतारवयात बीएमआय आणखी एका कारणानं चुकतो. मणक्यांमधल्या चकत्या दबतात, पाठीला पोक येतो आणि उंची घटते. चाळिशीत १५८ सेंमी असलेली बाई पंच्याहत्तरीत १५३ सेंमी भरते. वजन तेव्हाही ६० आणि आताही ६० किलो. बीएमआय मात्र २४ वरून २५.६ वर गेला, म्हणजे एक ग्रॅमही न वाढता ती कागदावर लठ्ठ झाली. उलट बाजूनं पाहिलं तर वीस वर्षांत पाच किलो स्नायू जाऊन त्या जागी पाच किलो चरबी आली, तरी बीएमआय जागचा हलत नाही. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही. "माझं वजन तीस वर्षं तेच आहे" असं अभिमानानं सांगणाऱ्या आजोबांच्या पँटचा कमरेचा नंबर विचारून बघा.

वयानुसार स्नायू आणि ताकद कमी होण्याला सार्कोपेनिया म्हणतात. ग्रीकमध्ये 'मांसाची गरिबी' अशा अर्थाचा हा शब्द आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुचवला. सार्कोपेनिया आणि जादा चरबी एकाच देहात आली की ते दुखणं दोन्हींच्या बेरजेपेक्षा मोठं होतं. पोटातली चरबी शरीरात सतत मंद दाह पेटता ठेवते, त्या दाहानं स्नायू झिजतो. स्नायू कमी झाला की जेवणानंतरची साखर साठवायची सर्वांत मोठी जागाच आकसते, इन्शुलिनचं काम बिघडतं आणि चरबी आणखी साठते. स्नायूंच्या धाग्यांच्या मधेही चरबी शिरते. मग मांडी जाड दिसते, पण तिच्यात जोर नसतो.

मोजपट्टी, खुर्ची आणि घड्याळ

शिंप्याकडची, न ताणली जाणारी टेप घ्या. जुनी रेक्झिनची टेप वापरून वापरून एक-दोन सेंमी लांबलेली असते. एकदा स्टीलच्या पट्टीवर पडताळून घ्या.

पोटाचा घेर मोजताना सर्वांत मोठी चूक होते ती जागेची. पुरुष पँटच्या पट्ट्यापाशी मोजतात, आणि पट्टा तर पोटाखाली सरकलेला असतो. बायका परकराच्या नाडीच्या खुणेवर मोजतात, तिथे तर वर्षानुवर्षं आवळून खाच पडलेली असते. बरोबर जागा अशी: बाजूला सर्वांत खालची बरगडी चाचपून खूण करा, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपून दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मधून टेप आडवी फिरवा. पाठीमागे ती खाली घसरत नाहीये ना, हे दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, नेहमीचा श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंमी आणि बायकांसाठी ८० सेंमी ही मर्यादा.

पोटरी मोजणं त्याहून सोपं. खुर्चीत बसून पावलं जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. टेप वर-खाली सरकवत पोटरीचा सर्वांत जाड भाग शोधायचा, टेप टेकवायची पण मांस दाबायचं नाही. दोन्ही पाय मोजा, मोठा आकडा धरा. आशियाई तज्ज्ञगटानं २०१९ मध्ये ठरवल्याप्रमाणे पुरुषांची पोटरी ३४ सेंमीपेक्षा आणि बायकांची ३३ सेंमीपेक्षा कमी असेल तर सार्कोपेनियाची शंका घ्यावी. टेप नसेल तर जपानी पद्धत वापरा: दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडं करा आणि पोटरीच्या जाड भागाभोवती घाला. कडं सैल राहिलं, बोटं आणि पोटरीत फट दिसली, तर पुढची तपासणी करायची.

पण इथेही फसगत आहे. पायाला सूज असेल तर पोटरी जाड भरते. आधी नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून ठेवा. खळगा पडून तसाच राहिला तर त्या दिवशीच्या मोजमापाला अर्थ नाही, आणि सूज कशामुळे आहे ते डॉक्टरांना दाखवणं जास्त गरजेचं. दुसरं म्हणजे लठ्ठ माणसाच्या पोटरीतही चरबी असते. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीच्या आकड्यांवरून यासाठी एक वजावट सुचवली गेली आहे: बीएमआय २५ ते ३० असेल तर मोजलेल्या आकड्यातून ३ सेंमी, ३० ते ४० असेल तर ७ सेंमी वजा करा. म्हणजे बीएमआय ३२ आणि पोटरी ३८ सेंमी असलेल्या बाईची हिशेबाची पोटरी ३१ सेंमीच. जाड दिसणाऱ्या माणसात स्नायूंची उणीव कशी लपते, ते या एका वजाबाकीत दिसतं.

तिसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची, कारण ती मांसापेक्षा ताकद मोजते. हात नसलेली, साधारण ४३ ते ४५ सेंमी उंच बैठकीची लाकडी किंवा लोखंडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची नको, ती मागे सरकते. हात छातीवर दुमडून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. "सुरू" म्हटल्यापासून पाचव्यांदा सरळ उभं राहीपर्यंत वेळ मोजा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे. हात न टेकता एकदाही उठता आलं नाही, तर सेकंद मोजायचीही गरज नाही, उत्तर मिळालं. बाजूला कुणीतरी उभं असू द्या. त्याच गटानं चालण्याचा वेगही दिलाय: नेहमीच्या चालीनं सहा मीटर जायला सहा सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत. हाताची पकड मोजायचं यंत्र फिजिओथेरपिस्टकडे असतं. पुरुषांची पकड २८ किलोच्या आणि बायकांची १८ किलोच्या खाली नसावी.

पायाखाली धातूच्या पट्ट्या असलेले, चरबी टक्क्यांत दाखवणारे काटे आता बऱ्याच घरांत आलेत. ते शरीरातून अगदी सूक्ष्म वीज सोडून पाण्याचा अंदाज घेतात आणि त्यावरून चरबी-स्नायूचं गणित मांडतात. पाणी बदललं की गणित बदलतं. सुजलेले पाय तिथे स्नायू म्हणून मोजले जातात, जुलाब झाल्यावर चरबी अचानक वाढलेली दिसते. पेसमेकर असलेल्यांनी त्यावर उभं राहूच नये. बाकीच्यांनी महिन्यातून एकदा, सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, कोरड्या पायांनी मोजावं, आणि एकेका आकड्यावर न जाता सहा महिन्यांचा कल बघावा. डेक्सा ही क्ष-किरणांनी होणारी, जास्त खात्रीची तपासणी. पण हाडांच्या घनतेसाठी करतात ती डेक्सा फक्त कंबर आणि खुब्याची असते. चरबी आणि स्नायू हवे असतील तर संपूर्ण शरीराची, असं चिठ्ठीवर वेगळं लिहून घ्यावं लागतं.

ताटात काय कमी पडतं

आपल्या घरातल्या ज्येष्ठांचं ताट एकदा प्रोटीनच्या नजरेनं मोजू. ६० किलो वजनाच्या शाकाहारी आजी. सकाळी चहा. मग पोह्यांची बशी, वर दाणे: ६ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, भाजी, एक वाटी पातळ वरण, थोडा भात, ताक: साधारण १४ ग्रॅम. चार वाजता चहा-बिस्किटं: ३. रात्री "हलकं" म्हणून मऊ खिचडी आणि अर्धा कप दूध: ८. सकाळच्या चहाचं दूध धरून सगळी बेरीज ३४-३५ ग्रॅमच्या आसपास येते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण आहे रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे या आजींना ५० ग्रॅम. वृद्धांच्या प्रोटीनवर अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१३ मध्ये त्याहून जास्त, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवलं: ६० ते ७२ ग्रॅम. आजारपणात १.२ ते १.५. वय झाल्यावर उलट जास्त का लागतं? तरुण स्नायू थोड्या प्रोटीननंही बांधणीला लागतो. म्हातारा स्नायू मंद ऐकतो; त्याला एका वेळेला २५ ते ३० ग्रॅम मिळालं तर तो नीट जागा होतो. दिवसभरात पाच-पाच ग्रॅमचे तुकडे देत राहिलं तर बेरीज होते, पण बांधणी तेवढी होत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या जेवणात २० ग्रॅमच्या आसपास तरी बसवायचेच.

आणि यासाठी प्रोटीन पावडरीचे डबे आणायची गरज नसते. सकाळी पोह्यांऐवजी ६० ग्रॅम मुगाची दोन धिरडी (भिजवून, वाटून) आणि एक मोठी वाटी घट्ट दही: १९ ग्रॅम. अंडी चालत असतील तर दोन अंडी आणि पेलाभर दूध, तेवढंच. दुपारी वरण पातळ न करता माणशी ३० ग्रॅम डाळीचं, सोबत ३० ग्रॅम मटकीची उसळ, दोन पोळ्या, भाजी, दही: २२ ते २३. चारला बिस्किटांच्या जागी मूठभर, ३० ग्रॅम फुटाणे: साडेसहा. दात नसतील तर तेच फुटाणे दळून ताकात कालवायचे. रात्री ज्वारीची भाकरी, ५० ग्रॅम पनीरची भाजी आणि दीड कप नाही तरी कपभर दूध: १८. चहाचं दूध धरून ६९ ग्रॅमपर्यंत जातं.

वरणाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. "आम्ही रोज डाळ खातो" हे खरंच असतं. पण चार माणसांत मिळून एक छोटी वाटी तूरडाळ शिजते, त्यात पाणी वाढतं, आणि एका वाटीत कोरडी डाळ जेमतेम १५ ग्रॅम येते. तिच्यातून मिळतात ३ ग्रॅम. डाळ शिजवण्यापूर्वी कोरडी मोजा, हाच यावरचा उपाय. कवळी बसत नाही, चावता येत नाही, अशांसाठी पिठलं हे मला महाराष्ट्राचं सर्वांत हुशार अन्न वाटतं: ३० ग्रॅम बेसनात ६ ते ७ ग्रॅम प्रोटीन, मऊ, गरम, पाच मिनिटांत होणारं. फक्त फोडणीला तेलाची पळी नको, चमचा पुरे. कोकणात आणि गोव्यात १०० ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम सहज मिळतात. सुकट-सोडे प्रोटीनला उत्तम, पण रक्तदाब असेल तर दोनदा धुऊन मीठ काढल्याशिवाय नको.

साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य. आठवड्यातून दोन उपास आणि चातुर्मासात आणखी, असं करणाऱ्या आजींच्या स्नायूंना ते दिवस खरोखरच उपासाचे जातात, कॅलरी मात्र भरपूर होतात. श्रद्धा मोडायची गरज नाही. राजगिरा, दाण्याची आमटी, दूध, दही, पनीर उपासाला चालतं. वरी आणि दाण्याची आमटी, सोबत वाटीभर दही, हे साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा कितीतरी बरं.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी वरचं काहीही स्वतःहून करू नये. प्रोटीन वाढवण्याआधी एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम त्यावरून कळतं) तपासून घ्या. ते वाढलेलं असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील. त्याच वेळी ड आणि बी-१२ जीवनसत्त्वंही बघून घ्यावीत. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असलेल्या शाकाहारी माणसात बी-१२ कमी सापडण्याची शक्यता बरीच असते, आणि त्यानं पायांची संवेदना आणि तोल दोन्ही बिघडतात.

मग वजन कमी कुठून करायचं? डाळ, दूध, भाकरी यांना हात न लावता. दिवसात चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. ती अर्ध्या चमच्यावर आणली की १२० कॅलरी वाचतात. संध्याकाळचं ३० ग्रॅम फरसाण सोडलं की १६०. माणशी एक मोठा चमचा तेल कमी केलं की सव्वाशे. झाले ४००. ज्येष्ठांसाठी रोजची तूट ३०० ते ५०० कॅलरी एवढीच असावी, आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरावा, आणि सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्क्यांवर थांबावं. फक्त सूप, फक्त फळं, दिवसाला ८०० कॅलरी असले बेत या वयात देखरेखीशिवाय करूच नयेत.

चालणं पुरत नाही

बागेत फेऱ्या मारणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं आहे, ते सोडू नका. पण त्यानं स्नायू राखला जात नाही. अमेरिकेत डेनिस व्हिलारियाल आणि सहकाऱ्यांनी पासष्टीपुढच्या १६० लठ्ठ माणसांवर केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे चार गट केले; एकाला काहीच बदल सांगितला नाही, बाकी तिघांचं खाणं सहा महिने कमी केलं. या तिघांपैकी एका गटानं चालण्यासारखा दमसासाचा व्यायाम केला, दुसऱ्यानं वजनं उचलली, तिसऱ्यानं दोन्ही. तिन्ही गटांचं वजन साधारण सारखंच, ९ टक्क्यांच्या आसपास उतरलं. चरबीविरहित भाग मात्र पहिल्या गटात ५ टक्के गेला, वजनं उचलणाऱ्यांत २ टक्के, दोन्ही करणाऱ्यांत ३. खुब्याच्या हाडाची घनता पहिल्या गटात ३ टक्क्यांनी घटली, दुसऱ्यात अर्ध्या टक्क्यानं. रोजच्या हालचालींची क्षमता सर्वांत जास्त सुधारली ती दोन्ही करणाऱ्यांत, २१ टक्के. बाकी दोन्ही गटांत १४. काट्यावर तिन्ही गट सारखेच यशस्वी होते, हे विसरू नका.

"आता या वयात कसला व्यायाम" या वाक्याला १९९० सालीच उत्तर मिळालंय. बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोन यांनी सरासरी ९० वर्षांच्या संस्थावासी माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं, आणि त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

घरी आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून, पंचवीस मिनिटं. मुख्य व्यायाम खुर्चीतून उठण्याचा. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, पावलं कमरेएवढ्या अंतरावर. पुढे वाकत नाक पायाच्या बोटांच्या वर आणा, मग टाचांवर जोर देऊन उठा. बसताना धप्पकन पडायचं नाही. तीन आकडे मोजत बसायचं, खरा फायदा तिथे आहे. जमत नसेल तर बैठकीवर घडी घातलेल्या चादरी टाकून ती दहा सेंमी उंच करा आणि दर पंधरा दिवसांनी एकेक घडी काढा. आठ-आठचे दोन फेरे इथून सुरुवात. बारा-बाराचे तीन फेरे सहज व्हायला लागले की छातीशी दोन लिटर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी धरा. दोन किलो झाले.

मग ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलणं, वर दोन सेकंद थांबणं: पंधरा वेळा. भिंतीला हात लावून ढकलणं. ते सोपं झालं की ओट्याला धरून. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून कोपर मागे ओढणं, यानं पोक रोखायला मदत होते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून चढ-उतार, प्रत्येक पायानं दहा वेळा. शेवटी दोन हातांत दोन-दोन किलोच्या भाजीच्या पिशव्या घेऊन दिवाणखान्यात सरळ चालायचं. जमिनीवर बसून उठण्याचा सराव, शेजारी पलंगाचा आधार ठेवून, जरूर करा. पाटावर जेवायची सवय सुटली तेव्हा घरोघरीचा एक फुकटचा व्यायाम गेला.

चुका बहुतेक एकाच प्रकारच्या होतात. अर्ध्या किलोचे डंबेल घेऊन सहा महिने तेच फिरवत राहतात. स्नायूला कारण मिळाल्याशिवाय तो वाढत नाही, शेवटच्या दोन वेळा जड जायलाच हव्यात. जोर लावताना श्वास कोंडतात, रक्तदाब उसळतो. मोठ्यानं आकडे मोजायची सवय लावा, बोलताना श्वास कोंडता येत नाही. हाडं ठिसूळ असताना पुढे खोल वाकण्याची आसनं करतात, त्यात मणक्याचा चेपून अस्थिभंग होऊ शकतो. गुडघा दुखला की सगळंच थांबवतात. त्यासाठी साधा नियम: दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमणारं, चालेल, त्याहून जास्त राहिलं तर वजन किंवा संख्या एक तृतीयांशानं कमी करा, बंद करू नका. छातीत दुखणं, १८०/११०च्या वरचा रक्तदाब, ताजं मोतीबिंदूचं ऑपरेशन, हर्निया यांपैकी काही असेल तर मात्र डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरुवात नको.

औषधं

वजन उतरू लागलं की जुनी औषधं जड पडू लागतात, आणि हे घरच्यांच्या लक्षात उशिरा येतं. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन त्याच मात्रेत चालू राहिलं आणि भात-साखर कमी झाली, तर पहाटे साखर घसरते. घाम, थरथर, बरळणं, ही त्याची लक्षणं. वृद्धांत कधी नुसतंच गोंधळल्यासारखं वागणं. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. आडवं असताना एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत एकदा रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरत असेल तर गोळीची मात्रा बघायची वेळ झाली. पडणं आणि खुबा मोडणं याची सुरुवात पुष्कळदा इथूनच होते.

सेमाग्लुटाइड आणि तिरझेपाटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शनं आता आपल्याकडे मिळतात. ती चरबी खरोखर उतरवतात, पण उतरलेल्या वजनात चरबीविरहित भागाचा वाटा अभ्यासागणिक पाव हिश्शापासून ४० टक्क्यांपर्यंत आढळलाय. या औषधांनी भूक मरते, मळमळतं, आणि मग ज्येष्ठ माणूस चहा-खाकऱ्यावर दिवस काढतो. अशा वेळी ताटातली डाळ, अंडं, पनीर आधी संपवायचं, भात-पोळी नंतर, हा क्रम पाळा. खुर्चीची चाचणी आणि पोटरी दर महिन्याला मोजा. पोट घटतंय, उठायचे सेकंद तेवढेच किंवा कमी, तर औषध नीट चाललंय. सेकंद वाढत चाललेत, तर पुढचा डोस वाढवण्याआधी ते डॉक्टरांना सांगा.

काही ज्येष्ठांनी वजन कमी करूच नये. पोटाचा घेर मर्यादेत आहे, पोटरी बारीक आहे आणि बीएमआय २४-२५ आहे, अशांना उतरवण्यासारखं काही नाही, त्यांना फक्त भरायचं आहे. आणि प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्के वजन गेलं, म्हणजे ६० किलोतले ३, तर ते यश समजू नका. थायरॉइड, बेताल साखर, क्षयरोग, कर्करोग, खचलेलं मन, न बसणारी कवळी, काहीही असू शकतं, तपासणी लागते.

शेवटची गोष्ट इस्पितळाची. अमेरिकेतल्या एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. न्यूमोनिया किंवा ऑपरेशनसाठी दाखल झालेल्या माणसाला तर वर ताप आणि भूक नसणं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दाखल असतानाच, सलाइन सुटल्या सुटल्या, दिवसातून तीन वेळा पलंगाच्या कडेवरून आधारानं पाच-पाच वेळा उठवा. डब्यात मऊ भाताबरोबर घट्ट वरण, अंडं किंवा पनीर पाठवा. दाखल होताना पोटरीचा जो आकडा होता तो फाइलवर लिहून ठेवा, घरी आल्यावर सूज उतरली की पुन्हा मोजा, आणि तो परत मिळेपर्यंत वजन कमी करायचा विषय घरात काढू नका.